एक बटच तर मागितली

"जहाज?" ड्रुसिलाने विचारलं.

"मोठं होतं. लाकडाचं," हेस्टर म्हणाली.

"आई, चेष्टेची वेळ आहे का ही? माणसं आता दारात येतील."

"अगं, लाकडाचंच होतं. खोटं सांगू का? म्हणजे, आणखी एक खोटं?"

ड्रुसिलाने सासूच्या गळ्याशी काळी फीत नीट बसवली, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि पुन्हा सुरुवात केली. "कोण म्हणून आलात?"

"पाद्र्याच्या पोरांची दाई म्हणून."

"पाद्र्याचं नाव?"

"ते मात्र विसरले. म्हातारं माणूस विसरणारच."

"विसरायचं नाही! रेव्हरंड टिपेट. इथे आले, तापाने वारले, आणि बायकोपोरं इंग्लंडला परत गेली."

"पोरंसुद्धा परत धाडलीस? म्हणजे विचारायलाच कुणी उरलं नाही. हुशार आहेस हो तू."

ड्रुसिला हुशार होतीच. तिचा स्वतःचा बाप इंग्लंडहून कैदी म्हणून पायात बेड्या घालून या बेटावर आणलेला होता आणि हे सगळ्या होबार्ट शहराला माहीत होतं. पण तो पुरुष होता. त्याने पुढे जंगल तोडून गहू पिकवला, चर्चला घंटा दिली, आणि त्याचं जुनं सगळं धुऊन निघालं. पुरुषांचं आमच्याकडे धुतलं जातं. बाईचं नाही. बाई सरकारी शिक्षेवर आलेली म्हटली की तिचा गुन्हा काय होता हे लोक विचारतसुद्धा नाहीत, मनानेच ठरवून मोकळे होतात. हेस्टरने ब्रिस्टलला भाड्याच्या खोलीतली एक चादर गहाण टाकली होती. चादर सापडली, मालकिणीला परत मिळाली, तिच्यावर कुणी झोपलंही असेल, तरी हेस्टरला सात वर्षांची शिक्षा झाली आणि समुद्र ओलांडावा लागला. ही हकीकत आजही कुणाला सांगून पाहा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चादर येतच नाही, भलतंच काहीतरी येतं.

म्हणून टिपेट. शिवाय पुढच्या रविवारी चर्चमध्ये ड्रुसिलाची लेक जॉर्जियाना पोलार्ड आणि लायोनेल रॅव्हनहिल यांच्या लग्नाची पहिली जाहीर घोषणा व्हायची होती. रॅव्हनहिल म्हणजे क्लाइड नदीवरचे, हजारो मेंढ्यांचे, कैदी म्हणून नव्हे तर आपखुशीने, मोकळे आलेले. आमच्याकडे कुणी कुणाला 'तुम्ही कैदी होता का' असं विचारत नाही, ते असभ्य समजतात. 'कोणत्या जहाजातून आलात' एवढंच विचारतात. सगळं त्यातच येतं. तेव्हा जहाज, गाव, पाद्री, पाद्र्याचा ताप, सगळ्याची उत्तरं ड्रुसिलाने महिनाभर घोटून घेतली होती. एवढी तयारी करूनही एक गोष्ट राहून गेली, कारण ती कुणी मागेल असं घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

*

जेवण छान झालं. ड्रुसिलाच्या नवऱ्याची, जोसायाची, बहीण केझाया हिला तरी तसंच वाटलं, कारण इतकं हसू दाबून ती आयुष्यात कधी जेवली नव्हती.

केझाया विधवा. लिव्हरपूल स्ट्रीटवर तिची पावाची भट्टी होती आणि तोंडाच्या बाबतीत तिला कुणाची भीड नव्हती. भावाने तिला सकाळीच बजावून ठेवलं होतं, "तू फक्त केक कापायचा. बोलायचं नाही." ती म्हणाली होती, "दादा, मी बोलणार नाही. पण आईला कोण अडवणार आहे?"

आणि आई रंगात आली होती.

"रेव्हरंड टिपेट म्हणजे देवमाणूस," हेस्टर मटणाचा तुकडा कापत सांगत होती. "रोज संध्याकाळी पोरांना स्वतः आंघोळ घालायचे."

"पाद्रीसाहेब? स्वतः?" लायोनेलच्या आईच्या, रॅव्हनहिल बाईंच्या, भुवया वर गेल्या.

"स्वतः. बाह्या वर करून. बायको आजारी ना."

बायको आजारी असल्याचं ड्रुसिलालाही नवीन होतं. तिने टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय दिला. जोसाया घाईघाईने मेंढ्यांच्या लोकरीकडे वळला, लायोनेल त्याला भाव सांगू लागला, आणि केझायाने तोंडावर रुमाल धरला. टेबलापलीकडून जॉर्जीने आत्याकडे असे डोळे वटारले की केझायाचं हसू आपोआप आवरलं. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता. एकोणीस वर्षांची पोर, लायोनेलवर मनापासून जीव, आणि तिच्या सुखाची गाठ त्या न जन्मलेल्या पाद्र्याच्या आंघोळीशी बांधलेली. केझायाला एकदम वाईट वाटलं. रागही आला, पण कुणाचा ते तिला नीट कळेना.

रॅव्हनहिल बाई मात्र खूश होत्या. सफरचंदाच्या पुडिंगनंतर सगळे बैठकीच्या खोलीत आले तेव्हा त्यांनी गाडीतून एक चपटी पेटी आणवली आणि मोठ्या हौसेने उघडली.

"आता माझं काम," त्या म्हणाल्या. "आमच्या घराण्यातली रीत आहे. नवीन घर जोडलं जायचं म्हणजे त्यांचं फूल आमच्या वेलीत यायला हवं."

पेटीत केसांची वेल होती. बारीक तारेवर केस गुंफून केलेली पानं, कळ्या, फुलं. तपकिरी, काळी, पिंगट, पांढरी. असलं काम आमच्या घरोघरच्या बायका करतात, पण इतकं नाजूक काम ड्रुसिलानेही पाहिलं नव्हतं.

"हे आमचे," बाईंनी एका करड्या फुलावर बोट ठेवलं. म्हणजे त्यांचे वारलेले पती. "हा लायोनेल, दोन वर्षांचा असतानाचा. आणि या माझ्या मुली." दोन इवलीशी फुलं, जवळजवळ पांढऱ्या सोन्याच्या रंगाची. "एकाच आठवड्यात गेल्या. घटसर्प. एवढंच राहिलं त्यांचं."

जॉर्जीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझे घ्या," ती पुढे होऊन म्हणाली आणि स्वतःच अंबाडा सोडला.

बाईंचा हात हलका होता. कानामागची बट हेरून घ्यायची, कात्रीचा एक आवाज, लगेच रेशमी दोऱ्याची गाठ आणि बट मखमलीवर. जॉर्जीची झाली, ड्रुसिलाची झाली. जोसायाच्या डोक्यावर फारसं काही उरलं नव्हतं, त्यावरून हशा झाला. केझाया म्हणाली, "माझ्या केसांना पिठाचा वास येईल हो," आणि तिचीही बट गेली.

"आणि आता आजीबाई," रॅव्हनहिल बाई म्हणाल्या. "पांढऱ्या केसांचं फूल वेलीच्या मध्यावर घालणार आहे मी. खरा मान त्याचाच."

हेस्टर खिडकीजवळच्या खुर्चीत होती. ती म्हणाली, "नको."

*

जोसाया पोलार्डला त्याच क्षणी कळलं. पाद्री आठवला, ताप आठवला, हे कसं आठवलं नाही? आईच्या डोक्याला कात्री लागलेली त्याने जन्मात पाहिली नव्हती. ती केस स्वतः धुवायची, स्वतः विंचरायची, दार लावून. त्यावर वेणी, वेणीवर टोपी, टोपीला हनुवटीखाली गाठ. बाप बेंजामिन गेल्या हिवाळ्यात वारला तेव्हा त्याच्या शवपेटीत ठेवायलाही तिने बट दिली नव्हती.

कारण काय, ते घरात फक्त जोसायाला माहीत होतं. निदान त्याला तसं वाटत होतं. डोंगराच्या पायथ्याशी, ऊन पोचत नाही अशा ओल्या घळीत कॅस्केड्सची फॅक्टरी. नाव फॅक्टरी, होता बायकांचा तुरुंग. तिथे शिक्षा म्हणून बायकांचे केस कापायचे, अगदी मुळापासून. जोसायाचा गाड्या बनवायचा कारखाना होता, अख्ख्या शहरात त्याच्या गाड्या फिरत, पण त्या रस्त्याने तो स्वतः कधी गेला नाही. तिकडचं गिऱ्हाईक आलं तर माणूस पाठवायचा. त्याचा जन्म तिथलाच होता.

"अहो, एक बटच तर मागितली," रॅव्हनहिल बाई हसून म्हणाल्या. "दुखत नाही हं!"

"माहीत आहे मला दुखतं की नाही ते," हेस्टर म्हणाली. "नको म्हटलं ना."

"आईचं डोकं दुखतंय," केझाया मध्ये पडली. "माझी आणखी एक घ्या. दोन फुलं करा पिठाची."

"आत्या!" जॉर्जी कळवळून म्हणाली. मग आजीपाशी जाऊन खालच्या आवाजात, "आजी, माझ्यासाठी. मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय का?"

"तू कशाला मागशील? तुला न मागताच देते मी सगळं. हे नाही."

"पण का?"

हेस्टरने मान खिडकीकडे वळवली. ड्रुसिला नवऱ्याच्या कानाशी लागली. "तुम्ही बोला ना. तुमचं ऐकतील. बाईंचा चेहरा बघा, अपमान झाल्यासारखा वाटतोय त्यांना. एका केसापायी पोरीचं लग्न मोडायचं का?"

आणि जोसाया उठला. हे लिहितानाही मला त्याचा संताप येतो. केझायाला माहीत नव्हतं, जॉर्जीला माहीत नव्हतं, ड्रुसिलालाही नाही. याला माहीत होतं आणि हाच उठला. रॅव्हनहिल बाईंच्या हातातून त्याने कात्री घेतली, आईच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "आई, मी कापतो. दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. मागून, टोपीच्या आतून. कळणारसुद्धा नाही."

हेस्टरने त्याच्याकडे पाहिलं. "तू?"

"आता ते दिवस राहिले नाहीत, आई. विसर ना."

त्याने टोपीच्या गाठीकडे हात नेला, आणि म्हातारीने दोन्ही हातांनी टोपी डोक्यावर गच्च दाबून धरली, कोपरं पुढे घेऊन, मान खाली घालून.

*

रॅव्हनहिल बाईंना त्यावर हसू फुटलं. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. खोलीतलं अवघडलेपण घालवावं एवढाच त्यांचा हेतू होता.

"अगदी आमच्या स्वयंपाकघरातल्या त्या बाईसारखं!" त्या म्हणाल्या. "मी दहा-बारा वर्षांची असेन. पप्पांकडे सरकारकडून बायका मिळायच्या कामाला. त्यातली एक फार उर्मट. पप्पांनी तिला फॅक्टरीत धाडली, आणि परत आली ती भादरून! आम्ही पोरं तिच्या मागे लागायचो, टोपी ओढायला. ती अशीच धरून बसायची, अशीच! आम्ही तिला कातरलेली मेंढी म्हणायचो. दिसली की सगळी मिळून बें बें करायचो."

लायोनेल हसला. त्याच्या लक्षात आलं की आपण एकटेच हसतोय, तेव्हा तो थांबला.

रॅव्हनहिल बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ड्रुसिलाने डोळे मिटून घेतले होते. गुडघ्यावर बसलेला जोसाया उठायचंच विसरला होता. बाई मूर्ख नव्हत्या. टिपेट, त्याचा ताप, त्याची आंघोळ, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर एकामागून एक कोसळत गेलं.

"नाव काय होतं तिचं?" हेस्टरने विचारलं. हात अजून डोक्यावरच होते.

"कुणाचं?"

"त्या बाईचं."

"आता काय आठवणार? कितीतरी होत्या."

"तुमच्या घरात राबली, तुमचं अन्न शिजवलं. मेंढी म्हटलंत ते आठवतं, नाव आठवत नाही?"

"आई, पुरे," जोसाया म्हणाला.

"का पुरे? एवढा पाद्री तुमच्यासाठी जन्माला घातला, मारला, पुरला. आता माझं दोन शब्द ऐका." तिने हात खाली घेतले. आवाज चढला नव्हता. "माझं नाव हेस्टर. मी कुणाची दाई म्हणून आले नाही बाई, कैद्यांच्या जहाजाच्या तळातून आले, शंभर बायकांबरोबर. ज्या घरी कामाला दिली त्या मालकाचं पोर पोटात घेऊन फॅक्टरीत परत गेले. शिक्षा कुणाला? मला. तो चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा. पोर झालं, ते अंगावर पीत होतं. एक दिवस मी तिथल्या देखरेखीच्या बाईला, मेट्रनला, म्हटलं, दूध आटतंय, मला पाव वाढवून द्या. झाला उर्मटपणा! अंगणात स्टुलावर बसवली, दोघींनी हात धरले, आणि कातरली. माझे केस कमरेपर्यंत होते. पोत्यात भरून नेले. कुठे नेले कोण जाणे. त्या वेळी तुमच्या बायका खोट्या बटा लावायच्या ना, कपाळावर? त्या कुठून यायच्या, विचारलंत कधी आपल्या आईला?"

रॅव्हनहिल बाईंचा हात नकळत कपाळाकडे गेला.

"केसांचं मी सहन केलं असतं," हेस्टर पुढे म्हणाली. "उपाशी राहिले, पाण्यात उभी राहून कपडे धुतले, ते केलंच ना सहन! पण संध्याकाळी पोराला घ्यायला गेले, आणि ते मला बघून किंचाळलं. वर्षाचं पोर. माझी वेणी मुठीत धरून प्यायची सवय त्याला. वेणी नाही, टक्कल, रक्ताळलेलं. ते मला ओळखेना. अंगावर घेतलं की अंग मागे टाकायचं, पाठ ताठ करायचं. दुसऱ्या बाईकडे गेलं, पण माझ्याकडे नाही. छाती भरून ठणकायची आणि पोर उपाशी. आणि तुम्ही म्हणता दुखत नाही!"

जोसाया अजून गुडघ्यावरच होता. हे त्याला माहीत नव्हतं.

*

रॅव्हनहिल बाईंनी पेटीकडे पाहिलं. मग त्यांनी मान वर केली, आणि त्या बोलल्या ते इतक्या समजूतदारपणे की जॉर्जीला आधी आशाच वाटली.

"झालं ते फार वाईट झालं. मी काही दगड नाही. पोर दुरावण्याचं दुःख मला कळतं." त्या ड्रुसिलाकडे वळल्या. "आणि खरं सांगायचं तर आम्हाला अंदाज नव्हता असंही नाही. या बेटावर फार खोल खणायचं नसतं. लायोनेलचा हिच्यावर जीव आहे, मुलगी गुणी आहे. मी हे ऐकलंच नाही असं समजेन. टिपेट तर टिपेट. फक्त आजीबाईंनी एक बट द्यावी."

"अजून?" केझाया म्हणाली.

"का नको? वेल पुरी व्हायला हवी. उद्या माझ्या जावा येतील, विचारतील, सगळ्यांची फुलं आहेत आणि आजीचं का नाही. मग मी काय सांगू? एवढं मोठं मन मी करते आहे, तर त्यांनी एवढंही करू नये?"

ड्रुसिला सासूकडे पाहू लागली. महिनाभराच्या मेहनतीला एकच बट कमी पडत होती. तिच्या ओठांवर 'आई' आलंसुद्धा, पण ते तिने गिळलं.

जॉर्जी उठून लायोनेलसमोर उभी राहिली. तो चांगला मुलगा होता. घोड्यांना कधी चाबूक मारत नसे, तिच्या आत्याच्या भट्टीवर येऊन पिठाच्या पोत्यावर बसायचा. तो काहीतरी बोलेल याची तिला खात्री होती. काय बोलेल तेही तिने मनात ठरवून टाकलं होतं.

"लायोनेल, तू सांग ना त्यांना."

लायोनेलने आईकडे पाहिलं, मग जॉर्जीकडे. "जॉर्जी, एक बटच तर आहे. आई एवढं सोडून देते आहे."

"काय सोडून देते आहे?"

"म्हणजे… हे सगळं. तुझ्या आजीचं."

"माझ्या आजीला भादरली ते तुझी आई माफ करणार? आजीला?"

"शब्दांत पकडू नकोस ग."

"नाही पकडत," जॉर्जी म्हणाली. ती टेबलापाशी गेली, मखमलीवरून आपली बट उचलली, दोऱ्यासकट, आणि मुठीत घेतली. "ही मी परत नेते."

"जॉर्जियाना!" रॅव्हनहिल बाई उभ्या राहिल्या. "काय करते आहेस ते कळतंय तुला? पुन्हा हे दार उघडणार नाही."

"कळतंय." तिचा आवाज फुटला, आणि पुढचं ती रडतच बोलली. "मला लग्न करायचं होतं. खूप करायचं होतं. पण तुमच्या घरात आजीचं फूल भिंतीवर टांगलेलं असेल, आणि तुम्ही त्याच्याकडे बघून मनात बें बें म्हणाल, ते मला नाही बघवणार."

ड्रुसिला लेकीजवळ आली. सगळ्यांना वाटलं, ही आता पोरीला दोन चपराका देणार. तिने मखमलीवरची आपली लालसर बट उचलली. "माझीही राहू दे," ती म्हणाली. "माझा बापसुद्धा बेडीतलाच होता, विहीणबाई. राहिलंच होतं तुम्हाला सांगायचं."

"माझी ठेवा हवी तर," केझाया म्हणाली. "पिठाच्या वासाला किडे चांगले लागतात. सगळी वेल खातील." आणि मग तिनेही बट घेतलीच.

राहिले जोसायाचे चार केस. कात्री अजून त्याच्याच हातात होती. तो गुडघे धरत उठला, कात्री पेटीत ठेवली, आपली बट काढून खिशात घातली, आणि पेटीचं झाकण बंद करून ती लायोनेलच्या हातात दिली.

"तुमची गाडी पुढे आणायला सांगतो," तो म्हणाला.

*

गाडी गेली. ड्रुसिला जॉर्जीला वर घेऊन गेली, तिचं रडणं जिन्यावरून बराच वेळ ऐकू येत होतं. केझाया कपबश्या गोळा करू लागली, हातातली एक आपटून फुटली, आणि ती त्या कपबशीलाच शिव्या देत स्वयंपाकघरात निघून गेली.

जोसाया आईसमोर बसला. इतका वेळ त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"पोरीचं वाटोळं केलं मी," हेस्टर म्हणाली.

"तू नाही केलंस."

"मग कोणी?"

जोसायाने खुर्ची पुढे ओढली. म्हणाला, "आई, ते पोर म्हणजे मीच ना?"

"दुसरं कोण?"

"मग मी तुला ओळखलं कधी?"

"कशाला विचारतोस आता?"

"सांग."

हेस्टरने टोपीची गाठ सैल केली, पुन्हा बांधली. "ओळखलंच नाहीस. केस कानाखाली यायच्या आत तुला नेलं. आधी पाळणाघरात, मग न्यू टाऊनच्या अनाथशाळेत. मला सोडेनात. सुटका झाली, पोलार्डशी लग्न झालं, नवरा दाखवला तेव्हा कुठे तुला परत द्यायला तयार झाले. सहा वर्षांचा झाला होतास तू. मी वेणी घालून आले होते, मुद्दाम, पुढे खांद्यावर घेऊन. म्हटलं, हात लागला की आठवेल. तू मेट्रनच्या मागे लपलास आणि तिला विचारलंस, ही बाई कोण?"

तो दिवस जोसायाला आठवत होता. ती जाड काळी वेणीही आठवत होती. त्याच्या आयुष्यातली आईची पहिली आठवण तीच होती, आणि ती आठवण त्याने कधी प्रेमाने काढली नव्हती.

"मला इतकी वर्षं वाटत होतं," तो म्हणाला, "की तू मला टाकून दिलंस, आणि मग सवडीने न्यायला आलीस."

"ठाऊक आहे," हेस्टर म्हणाली. "तुझ्या वागण्यात दिसायचं ते."